नारळ फुटण्याआधीची गोष्ट

१८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन. १९७७ पासून तो पाळला जातो. आता बरीच संग्रहालयं काचेच्या पेट्या दाखवून थांबत नाहीत. अंगणात मांडव पडतो, ठिकठिकाणचे कलावंत येतात आणि देशाचा इतिहास नाचातून लोकांसमोर येतो. आम्हाला हे आवडतं. नाणं, तलवार, फर्मान पेटीत जपता येतं. पावलांचा ठेका मात्र माणसाकडून माणसाकडेच जातो.

अशा महोत्सवांत नेहमी दाद मिळवणारा नाच म्हणजे गुजरातच्या सिद्दींची धमाल. मोरपिसं, कवड्या, रंगवलेले चेहरे आणि हवेत उंच उडवून डोक्यावर फोडलेला नारळ! मुलं टाळ्या पिटतात, मोबाइल वर होतात. निवेदक ‘आफ्रिकी वंशाचे आदिवासी’ एवढंच सांगून पुढचा कार्यक्रम पुकारतो. आमची तक्रार इथेच आहे. नारळ सगळ्यांना दिसतो, त्यामागचा इतिहास तसाच राहून जातो.

सिद्दींचे पूर्वज पूर्व आफ्रिकेतून आले. कुणी गुलाम म्हणून विकले गेले, कुणी खलाशी, कुणी सैनिक म्हणून आले. धमालीला ते ‘गोमा’ही म्हणतात. हा शब्द स्वाहिली भाषेतल्या ‘न्गोमा’वरून आला. तिथे त्याचा अर्थ ढोलही होतो आणि नाचही. मुगरमान हा पायांवर उभा राहणारा ढोल, मुसिंडो हा गळ्यात अडकवायचा ढोल आणि मलुंगा हे धनुष्यासारखं एकतारी वाद्य. समुद्रापार आणलेल्या माणसांजवळ दुसरं काही उरलं नसेल, पण हात आणि कान उरले होते. त्यांच्या बळावर ही वाद्यं इथे पुन्हा घडली.

धमालीचं मूळ ठिकाण स्टेज नाही. भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरला बावा गोर यांचा दर्गा आहे. त्यांची बहीण माई मिस्रा यांनाही तिथे तितकाच मान आहे आणि नारळाच्या करवंटीचा खुळखुळा त्यांच्याच नावाने ओळखला जातो. उरुसात धमाल होते ती अकीदतीपोटी. बसून गायची बैठकी धमालही आहे. तिच्यात नारळ फुटत नाही, म्हणून ती महोत्सवात क्वचितच दिसते.

दर्ग्यातल्या ढोलाबद्दल आपल्या घरांत दोन मतं आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे. त्याचा निकाल या पानावर लागणार नाही. पण मत कोणतंही असो, ही माणसं कोण आणि इथे कशी आली, हे मुलांना सांगायला कुणाचीच हरकत नसावी.

सांगण्यासाठी फार लांब जायलाही नको. गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कारभारी झाला. १६१० मध्ये त्याने खडकी वसवलं, तेच पुढे औरंगाबाद झालं. तिथल्या नहरीही त्याच्याच. १६२६ मध्ये तो वारला. त्याची कबर खुलताबादला आहे. मुरूडच्या जंजिऱ्यावर सिद्दींचं राज्य थेट १९४८ पर्यंत होतं. अहमदाबादच्या सीदी सय्यद मशिदीची दगडी जाळी तर जगाला ठाऊक आहे. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या शोम्बर्ग केंद्राने भारतातल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांवर प्रदर्शन भरवलं. तिथल्या लोकांना जी माहिती मिळाली, ती आपल्या मुलांना का मिळू नये?

कारण याची किंमत कुणीतरी मोजतं आहे. पिढ्यान्‌पिढ्या इथेच जन्मलेल्या सिद्दी मुलाला आजही गाडीत, बाजारात विचारलं जातं, “कोणत्या देशाचा तू?” गुजराती बोलणाऱ्या पोराने याचं काय उत्तर द्यायचं? मांडवात त्याच्या नाचाला भारताचा वारसा म्हणायचं आणि मांडवाबाहेर त्यालाच परदेशी ठरवायचं, ही कसली कदर? जांबूरच्या हिराबाई लोबी यांनी आपल्या समाजातल्या बायका-मुलांसाठी आयुष्य वेचलं. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नाचाच्या पलीकडचं हे कामही मुलांच्या कानावर पडायला हवं.

संग्रहालयांनी एवढं करावं: नाचाआधी पाच मिनिटं पथकातल्याच एखाद्या जाणत्या माणसाला बोलू द्यावं, कलावंतांची नावं फलकावर लिहावीत आणि कधीतरी बैठकी धमालही ठेवावी. आपण पालकांनी नाच संपताच खुर्च्या सोडू नयेत. वाद्याचं नाव विचारावं, गाव विचारावं, मुलांना सलाम करायला लावावा. फोटो काढायचा तर आधी परवानगी घ्यावी, आणि कुणाच्या केसांना हात लावू नये.

येत्या सुट्टीत मुरूडला जाल तर किल्ला पाहून लगेच परतू नका. खोकरीच्या कबरींपाशीही थोडं थांबा. तिथे सिद्दी सरदार विसावले आहेत. त्यांच्यासाठी दुआ करा आणि मुलांना सांगा, हीसुद्धा आपल्याच मुलखाची माणसं.