'तिकडे मिळतं, तर तिकडूनच घ्या!'

बाजारातून नवी वस्तू घरी आणली की आपल्याकडे पहिला प्रश्न 'कशी आहे?' हा नसतो. 'केवढ्याला पडली?' हा असतो. ज्याला ती स्वस्त पडली तो आकडा मोठ्याने सांगतो आणि ज्याला महाग पडली तो चहाचा विषय काढतो. गेल्या दिवाळीत माझी गत मात्र निराळीच झाली. वस्तू मला स्वस्त पडली होती, आणि तरीही चहाचा विषय मलाच काढावा लागला. त्याची ही हकीकत, आणि त्यावरून सुचलेले चार विचार.

आईने बचत गटातून जमवलेले साडेतीन हजार रुपये माझ्या हातावर ठेवले आणि मिक्सर आणायला सांगितले. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. मागणी, पुरवठा, स्पर्धा हे शब्द रोज कानांवरून जातात. तेव्हा ही खरेदी आपण शास्त्रशुद्ध करावयाची असे मी ठरवले. आमच्या तालुक्याच्या गावी भांड्यांची आणि विजेच्या वस्तूंची मिळून तीन दुकाने आहेत. पेठेतल्या जुन्या दुकानात तो मिक्सर साडेअडतीसशेला होता. एस. टी. स्टँडजवळच्या नव्या दुकानात तोच साडेचौतीसशेला. आईचा आग्रह पेठेतल्या दुकानाचा, कारण उद्या बिघडला तर दुरुस्तीला शेठ ओळखीचे. शिवाय त्यांच्या गल्ल्यामागे ठळक अक्षरांत एक पाटी लावलेली होती : 'आमच्यापेक्षा कमी भाव दाखवा, त्याच भावात घेऊन जा!'

मी निर्धास्त गेलो. "शेठ, स्टँडजवळ हाच साडेचौतीसशेला आहे. तेवढ्याला द्या."

शेठनी पंख्याची पाती पुसता पुसता वर न पाहता उत्तर दिले, "तिकडे मिळतो, तर तिकडूनच घ्या की!"

मी पाटीकडे बोट दाखवले. शेठनीही पाटीकडे पाहिले, जणू ती त्यांनाही आजच दिसली होती. मग म्हणाले, "बरोबर आहे. पण कोटेशन आणा. शिक्क्यासकट."

मी स्टँडवर गेलो. तिथले मालक म्हणाले, "घ्यायचा असेल तर बोला. कागद कशाला पाहिजे? त्यांना नेऊन दाखवायला?" याला काय उत्तर द्यावे? खरोखरच त्यांना नेऊन दाखवायला हवा होता! शेवटी त्यांनी वहीच्या चिठोऱ्यावर आकडा लिहून दिला, शिक्का काही दिला नाही.

चिठोरा घेऊन परत पेठेत. आता मॉडेलचा नंबर निघाला. शेठच्या खोक्यावर नंबराच्या शेवटी एक अक्षर जास्त होते. "हा वेगळा माल आहे," ते म्हणाले. काय वेगळे आहे ते मात्र त्यांना सांगता येईना. भांडी तीनच, मोटारीचे वॅट तेवढेच, रंगसुद्धा तोच. कंपन्या एकच वस्तू निरनिराळ्या दुकानांसाठी थोड्या फरकाने निरनिराळ्या नंबरांनी काढतात, त्यामुळे 'तोच माल' हे सिद्ध करणे किती कठीण होते, हे मला त्या दिवशी कळले. मग मी मोबाइल काढून त्यावरचा भाव दाखवला. तो आणखी कमी होता. शेठ शांतपणे म्हणाले, "मोबाइलमधला भाव असेल तर चटणीही मोबाइलमध्येच वाटा!" दुकानातली गिऱ्हाइके हसली. मीही हसलो, पण कान तापले होते.

मित्रहो, पैशाचा प्रश्न बाजूला ठेवा. भाव जुळवून मागताना जे सोसावे लागते ते या हसण्यात आहे. मी काही भीक मागत नव्हतो. पाटीवर लिहिलेलेच मागत होतो. तरीही चार लोकांसमोर मी चिक्कू ठरलो. पाटीवरची अक्षरे वीतभर उंच, आणि अटी मात्र शेठच्या तोंडात. एक अट पुरी करावी तो दुसरी हजर!

तिसऱ्या खेपेला दुकानात कुणी नव्हते. शेठ हळूच म्हणाले, "तुम्ही कॉलेजची मुलं, ऐकणार नाही. न्या साडेचौतीसशेला. पण कुणाला सांगू नका." मी पक्के बिल मागितले. त्यावर पुन्हा थोडा वेळ गेला, पण तेही घेतले. विजयी मुद्रेने घरी आलो. उरलेले पन्नास रुपये आईच्या हातावर ठेवले.

चारच दिवसांनी आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या मावशी आल्या. त्या वसतिगृहाच्या खानावळीत भाकऱ्या करतात. आमच्यातल्या पुष्कळांनी त्यांच्या हातचे खाल्ले आहे. त्यांनीही मिक्सर घेतला होता. त्याच दुकानातून, तोच, शेवटच्या अक्षरासकट. आईने रिवाजाप्रमाणे विचारले, "केवढ्याला पडला?" मावशी म्हणाल्या, "साडेअडतीसशे. शेठ चांगले आहेत, पिशवी फुकट दिली." आईने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "मावशी, चहा घेणार ना?"

चारशे रुपये! मावशींच्या एका दिवसाच्या मजुरीहून ते जास्त होतात.

आपण म्हणाल, यात दुकानदाराने कायदा कुठे मोडला? तर नाही मोडला. वैध मापनशास्त्र अधिनियम २००९ आणि आवेष्टित वस्तूंचे २०११ चे नियम यांनुसार खोक्यावर कमाल किरकोळ किंमत छापावी लागते आणि तिच्याहून जास्त घेता येत नाही. आमच्या खोक्यावर छापली होती ५,६९५ रुपये! मी दिले ३,४५०, मावशींनी ३,८५०, आणि दोघेही छापील किमतीच्या पुष्कळ खाली. कायद्याने वरचे छत बांधून दिले आहे. खालची जमीन कुठे लागते हे ज्याचे त्याने अंधारात चाचपडावयाचे. शेजारच्या दुकानाइतका भाव द्यावाच, अशी सक्ती कुठल्याही कायद्यात नाही, आणि नसावीही. मात्र पाटी लावली की गोष्ट बदलते. सवलतीच्या भावाची जाहिरात करावयाची आणि तो भाव देण्याचा मुळात इरादाच ठेवायचा नाही, तसेच विकलेल्या मालाचे बिल द्यावयाचे नाही, या दोन्ही गोष्टी ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ ने अनुचित व्यापारी प्रथांत धरल्या आहेत. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रारही नोंदवता येते. पण त्यासाठी आपल्याला काही मागता येते हे आधी ठाऊक पाहिजे.

दिवाळीनंतर भांड्याचा वायसर आणायला पुन्हा त्याच दुकानात गेलो. गर्दी नव्हती. मी विचारले, "शेठ, खरं सांगा, मला साडेचौतीसशेला कसं परवडलं?" ते म्हणाले, "नाही परवडलं. स्टँडवाला दिवाळीआधी पन्नास नग उचलतो, त्याला कंपनीची स्कीम मिळते. मी सहा उचलतो. त्याचा विकायचा भाव तोच माझ्या खरेदीचा भाव. तुमच्यात काही सुटलं नाही, ते दुसऱ्यात काढलं."

दुसऱ्यात म्हणजे कुणात, हे मी विचारले नाही. मला ठाऊक होते.

येथे शेठना खलनायक ठरवणे सोपे आहे, आणि अन्यायाचेही आहे. सहा नग उचलणाऱ्या माणसाला पन्नास नगवाल्याशी आणि हजारो नगवाल्या ऑनलाइन कंपनीशी भाव जुळवायला सांगणे म्हणजे त्याने आपल्या पोटाला चिमटा घ्यावा असे म्हणणे. तो चिमटा तो स्वतःला घेत नाही. न बोलणाऱ्या गिऱ्हाइकाला घेतो, एवढाच त्याचा दोष. घासाघिशीचे कौतुक करणारे आपण सगळे एक गोष्ट विसरतो. ज्याला वेळ आहे, ज्याच्या हातात मोबाइल आहे, ज्याला चारचौघांत बोलायची भीड वाटत नाही, त्यालाच सूट मिळते. दिवसभर चुलीपुढे बसणारीला तीन दुकाने फिरायला सवड कुठली?

हा विचार माझ्या एकट्याच्या डोक्यातला नाही. इंग्लंडमधल्या जॉन लुईस या दुकानांच्या साखळीने, आमच्यापेक्षा स्वस्त कुणी विकत असल्याचे कळले तर तोच भाव लावू, असे वचन १९२५ मध्ये दिले. जवळजवळ शतकभर चालवून २०२२ मध्ये ते मागे घेतले, कारण केवळ ऑनलाइन विकणारी दुकाने त्या वचनात बसत नव्हती. २०२४ मध्ये काही ऑनलाइन दुकानेही हिशेबात धरून ते पुन्हा सुरू केले. म्हणजे मोबाइलमधला भाव धरावा की नाही, हा आमच्या पेठेतल्या शेठचा प्रश्न तिकडच्या बड्या दुकानालाही सुटत नव्हता! आणि स्टीव्हन सॅलप या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९८६ मध्येच दाखवून दिले की, अशी वचने दिसतात ग्राहकाच्या हिताची, पण ती भाव चढेही ठेवू शकतात. कारण सरळ आहे. मी भाव उतरवला की शेजारी लगेच तेवढाच उतरवणार, हे ठाऊक असेल तर माझ्याकडे नवे गिऱ्हाईक येणारच नाही. मग मी भाव उतरवावा कशाला? पाटी गिऱ्हाइकापेक्षा शेजारच्या दुकानदाराला उद्देशून असते, ती अशी.

मग उपाय काय? एकेकट्याने जाऊन हुज्जत घालणे हा नव्हे, हे मी स्वानुभवाने सांगतो. आपल्या महाराष्ट्राला यातला दुसरा रस्ता चांगला ठाऊक आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ बांधले, महिन्याची यादी एकत्र केली आणि माल घाऊक घेऊन वाटून घेतला. तेथे कुणी कुणाकडे सूट मागत नव्हते. जो भाव एका घराला, तोच दुसऱ्या घराला. बोलक्या घराला वेगळा आणि अबोल घराला वेगळा असा भेदच उरला नाही. आमच्या गल्लीत गेल्या दिवाळीला किमान पाच घरांनी काही ना काही विजेची वस्तू घेतली. पाच जणांनी मिळून शेठकडे जाऊन, "पाच नग घेतो, सगळ्यांना एकच भाव लावा," असे म्हटले असते, तर त्यांच्या सहाचे अकरा नग झाले असते आणि कदाचित त्यांनाही खरेदीत काही सुटले असते.

आणखी एक गोष्ट आपल्या हातची आहे. आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचे पथक आहे. दिवाळीआधीच्या आठवड्यात चार विद्यार्थ्यांनी तिन्ही दुकाने फिरून वीस वस्तूंचे, मॉडेल नंबरासकट, प्रत्यक्ष विक्रीचे भाव लिहून आणावेत आणि एक कागद महाविद्यालयाच्या फाटकावर व दुसरा खानावळीच्या भिंतीवर लावावा. दुकानदारांना आधी सांगून, उघडपणे. खर्च काय, दोन कागद आणि थोडी खळ. माझ्या तीन खेपांचे फळ एकट्या माझ्या खिशात गेले. या कागदाचे फळ वाचणाऱ्या प्रत्येकाला मिळेल, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला शेजारी उभा असलेला वाचून दाखवील.

हा लेख देण्याआधी मी मावशींकडे गेलो आणि सगळे सांगितले. त्या रागावतील असे वाटले होते. त्या रागावल्या नाहीत. तव्यावरची भाकरी उलटून त्यांनी एवढेच विचारले, "म्हणजे, शेठनी सांगितलेल्या भावाला नाही म्हणायचं असतं?"

तीन वर्षे अर्थशास्त्र शिकून मला या प्रश्नाचे धड उत्तर देता आले नाही. निदान फाटकावरचा तो कागद तरी या दिवाळीच्या आधी लागावा.

(तृतीय वर्ष, कला)