मयसभेंतील वास्तुविद्या

नवें साधन हातीं आलें कीं त्यानें शिक्षणाचे सर्व दोष दूर होतील असें मानणारा एक पक्ष, आणि त्यानें विद्येचा सत्यानाश होणार असें मानणारा दुसरा, असे दोन पक्ष आपल्या सुशिक्षितांत नेहमींच उभे राहतात. वास्तुविद्येच्या महाविद्यालयांतून सध्यां ज्या यंत्राचा गाजावाजा चालला आहे, त्याविषयींहि हेंच घडत आहे. डोळ्यांवर पेटीसारखा चष्मा चढवावयाचा. आंतील पडद्यावर संगणकानें रचलेली इमारत दिसते. मान वळविली कीं दृश्यहि वळतें, आणि आपण त्या इमारतींतच उभे आहों असा भास होतो. ही कल्पना कालपरवांची नव्हे. अमेरिकेंत आयव्हन सदरलँड यांनीं १९६८ सालीं असें यंत्र करून दाखविलें होतें. तें इतकें जड होतें कीं छतास टांगावें लागे. आज तें हलकें व पुष्कळ स्वस्त झालें आहे, म्हणूनच प्रश्न निकडीचा झाला आहे.

प्रस्तुत लेखक वास्तुतज्ज्ञ नाहीं. बीड जिल्ह्यांतील एका महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत त्याचीं पंचवीस-तीस वर्षें गेलीं. परंतु घर बांधणारा एक असला तरी घरांत राहणारे आपण सर्वच आहों, आणि राहणारास बोलण्याचा अधिकार आहे, एवढ्याच बळावर हे चार शब्द लिहिले आहेत.

गेल्या हिवाळ्यांत एका वास्तुविद्या-महाविद्यालयाचें प्रदर्शन पाहण्याचा योग आला. एका चुणचुणीत विद्यार्थ्यानें मला तो चष्मा घातला आणि बीडच्या खजाना विहिरींत उतरविलें. दगडाचे थर, पाण्यावर पडलेलें ऊन, वरचें आकाश, सारेंच हुबेहूब! मी खरोखर चकित झालों. चष्मा काढतां काढतां मीं सहज विचारलें, “बाळ, या विहिरीला पाणी कोठून येतें?” तो गोंधळला, आणि अगदीं प्रामाणिकपणें म्हणाला, “सर, पाणी मॉडेलमध्यें आधींच भरलेलें आहे.” चौकशी करतां कळलें कीं मुलगा बीड तालुक्यांतलाच, पण विहीर त्यानें छायाचित्रांवरून रचली होती. प्रत्यक्ष तेथें तो कधीं गेलाच नव्हता.

त्या मुलास दोष देण्यांत अर्थ नाहीं. दोष त्याच्या शिक्षणाचा. खजाना विहीर ही नुसती पाहण्याची वस्तु नव्हेच. मुर्तजा निजामशाहाच्या अमदानींत सलाबतखानानें १५८२ च्या सुमारास ती बांधविली. तिचें मर्म दगडांत नाहीं, भुयारांत आहे. दोन भुयारांतून पाणी विहिरींत येई आणि तिसऱ्यांतून तें बाहेर शेतांकडे जाई. पंप नाहीं, मोट नाहीं. जमिनीचा उतार हेंच सगळें यंत्र. ज्या मुलुखांत पावसानें दगा दिला कीं गांवें टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात, त्या मुलुखांतील वास्तुविशारदास याहून मोठा धडा कोणता? परंतु उतार नुसत्या डोळ्यांना कळत नाहीं. तो पायांना कळतो, पाणसळीला कळतो, भोंवतालच्या शेतकऱ्यांशीं बोलल्यानें कळतो. चष्म्यांत पाणी ‘भरलेलें’ असतें. जमिनीवर तें आणावें लागतें. हा भेद ज्यास कळला नाहीं, त्यास वास्तुविद्येचें पहिलें अक्षरहि आलें नाहीं, असें म्हणणें कठोर वाटलें तरी अन्यायाचें होणार नाहीं.

यंत्राचे कैवारी येथें दोन उत्तरें देतात. पहिलें असें कीं, सहलींस पैसा व वेळ लागतो, आणि गरीब विद्यार्थ्यास रोम पाहण्याची दुसरी सोय नाहीं. रोमपुरतें हें म्हणणें मला पूर्ण मान्य आहे. पुस्तकांतल्या बोटभर चित्रापेक्षां चष्म्यांतलें देवालय शतपट बरें. पण रोमसाठीं घेतलेला चष्मा हळूहळू अंबाजोगाईसाठींहि वापरला जातो, तेथें माझा झगडा आहे. एस्. टी.च्या तिकिटांत जें दिसतें तें यंत्रांत दाखवून सहल रद्द करणें ही काटकसर नव्हे, आळस आहे. अंबाजोगाईचीं खडकांत कोरलेलीं लेणीं, बीडचें पाण्यांत उभें असलेलें कंकालेश्वराचें देऊळ, यांच्यापुढें विद्यार्थ्यानें हातांत टेप घेऊन दोन दिवस उन्हांत काढलेच पाहिजेत.

दुसरें उत्तर असें कीं, चष्म्यांत इमारत खऱ्या मापानें दिसते. येथें मात्र शास्त्रच त्यांच्या विरुद्ध साक्ष देतें. अशा यंत्रांतून पाहणारास अंतरें प्रत्यक्षाहून कमी वाटतात, असें प्रयोगांत वारंवार आढळून आलें आहे. नव्या यंत्रांत हा दोष घटला, तरी पुरता गेलेला नाहीं. ज्यानें जन्मभर दुसऱ्यांच्या घरांचीं मापें ठरवावयाचीं, त्यानें आपल्या डोळ्यांस मापाची संवय येथें लावून घ्यावी काय? शिवाय वैशाखांतील पत्र्याचा ताप, ओल धरलेल्या भिंतीचा वास, जिना चढून दुखलेले गुडघे, यांतलें कांहींच त्या पेटींत नाहीं.

मग हें यंत्र फेंकून द्यावें काय? मुळींच नाहीं. त्याचा योग्य वापर कोणता, तें शेजारच्या लातूर जिल्ह्याच्या अनुभवावरून कळण्यासारखें आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या भूकंपांत हजारों माणसें मातींत रचलेल्या दगडी भिंतींखालीं व मातीच्या जड धाब्यांखालीं गाडलीं गेलीं. पुढें लातूर आणि तेव्हांच्या उस्मानाबाद, आतांच्या धाराशिव, जिल्ह्यांत पन्नासाहून अधिक गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. घरें भक्कम झालीं, याबद्दल बांधणारांचे उपकार मानलेच पाहिजेत. परंतु आंखणी शहरी वसाहतीसारखी: सरळ रुंद रस्ते, एकसारख्या ओळी, ऐसपैस अंतरें. जुन्या गल्लीचा शेजार तुटला, वाड्याचा आडोसा गेला. नकाशा गांवकऱ्यांस दाखविला असला, तरी कागदावरील रेघांत आपलें जिणें वाचावयास शेतकरी कोठें शिकला होता? त्या वेळीं एखाद्या म्हातारीस, “आजी, उद्यां तुमची गल्ली अशी होणार,” असें म्हणून तींतून फिरवितां आलें असतें, तर ती तत्काळ म्हणाली असती, “लेकरा, समोरच्या घरातली हाक इथवर यायची न्हाई.” वर्षानुवर्षांची चूक त्या एका वाक्यानें टळती.

तेव्हां नियम सोपा आहे. जें उभें आहे तें पायांनीं पहावें. जें अजून उभें राहावयाचें आहे तें या यंत्रानें पहावें. आणि तेंहि विद्यार्थ्यानें एकट्यानें नव्हे, तर त्यांत राहणारास दाखवून.

आमच्या जिल्ह्यांतून दरसाल दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखों माणसें ऊंस तोडावयास बाहेर पडतात, आणि पांच-सहा महिने फडाजवळ कोप्यांत राहतात. बांबू, चटया, ताडपत्री यांची ती कोपी. तिला ना कवाड, ना न्हाणी. तिचा आराखडा कोणत्याहि महाविद्यालयाच्या भिंतीवर मीं पाहिलेला नाहीं. एखाद्या वर्गानें सुधारलेल्या कोपीचे चार नमुने करावेत; तोडणीच्या भाषेंत ज्यांस ‘कोयता’ म्हणतात त्या नवरा-बायकोच्या जोड्यांस त्यांतून हिंडवावें; आणि “चूल इथं नको, धूर लेकरावर येतोय,” “अंघोळीला आडोसा कुठाय?” असें बायका जें जें बोलतील तें वहींत उतरून घ्यावें. मग निवडलेली कोपी खरोखर उभारून थंडीची एक रात्र विद्यार्थ्यांनीं स्वतः तींत काढावी. त्या रात्रीं जें कळेल तें चष्म्यांत कळणार नाहीं. पण चष्म्यावांचून त्या बायकांची हरकतहि कोपी उभी राहण्यापूर्वीं कळली नसती. साधनाची योग्यता आणि मर्यादा दोन्ही येथें दिसतात.

मयसभेंत दुर्योधनास पाणी जमिनीसारखें वाटलें व तो त्यांत पडला. पण तो एकटाच भिजला. वास्तुविशारदाच्या भ्रमानें दुसऱ्यांचीं घरें गळतात. म्हणून प्राचार्यांनीं हें यंत्र खुशाल विकत घ्यावें. मात्र त्याच अंदाजपत्रकांत एस्. टी.च्या तिकिटांचें कलम आधीं घालावें, आणि पैसा अपुरा पडला तर काट यंत्राच्या कलमास लावावी.