भाऊसाहेबांची साक्ष

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या रणात सदाशिवराव भाऊ दिसेनासे झाले. तेव्हापासून त्यांचा शोध संपलेला नाही. रोहतकजवळच्या सांघी गावाची परंपरा सांगते, की ते तेथे साधू होऊन राहिले. पुण्यात पार्वतीबाईंनी १७८३ साली मृत्यू येईपर्यंत वैधव्य पत्करले नाही. आणि शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेला काशिराज लिहितो, की शिर नसलेले धड सापडले, अंगावरील खुणांवरून ते भाऊंचे म्हणून ओळखले गेले व त्यास अग्नी देण्यात आला.

या तिन्ही साक्षी एकाच पंक्तीस बसवून ‘खरे काय, ते कोण जाणे’ असा सुस्कारा सोडण्याची रीत आपल्याकडे पडली आहे. ती विनयाची वाटते. वस्तुतः ती आळसाची आहे. पार्वतीबाईंचे कुंकू त्यांच्या निष्ठेचा पुरावा आहे, भाऊ जिवंत असल्याचा नव्हे. सांघीची परंपरा त्या मुलखाने पराभूतांविषयी जपलेल्या ममतेचा पुरावा आहे. काशिराज मात्र त्या वेळी विजयी पक्षाच्या गोटात प्रत्यक्ष हजर होता.

म्हणून काशिराजाचा शब्द वेदवाक्य ठरत नाही. त्याने आपला फारसी वृत्तांत सुमारे दोन दशकांनंतर लिहिला. शिराविना धडाची ओळख चुकू शकते. परंतु मृत्यूचा निष्कर्ष त्या एका धडावर अवलंबून नाही. जो सेनानी मोहिमेत पत्रांमागून पत्रे धाडीत होता, त्याच्या हातचे एकही विश्वसनीय पत्र त्या दिवसानंतर पुढे आलेले नाही. ओळखीविषयी शंका घेता येते. मरणाविषयी ती घेण्यास आधार उरत नाही.

संशयाची ही चैन एके काळी राज्यास महाग पडली होती. भाऊ म्हणून पुढे आलेल्या तोतयाभोवती माणसे व सैन्य जमले. त्याचा बंदोबस्त करून त्यास १७७६ साली देहान्त शासन द्यावे लागले. न. चिं. केळकरांनी त्या बंडावर नाटक लिहिले. पण आपण त्यातले नाट्य तेवढे घेतले, बोध टाकून दिला. तोतयास जे आधार देतात, ते पुराव्याने फसलेले असतातच असे नाही; पुष्कळदा त्यांना तो हवा असतो.

भाऊंच्या स्वभावाविषयीचा वाद अधिक गंभीर आहे. बखरीतील भाऊ हेकट, वडीलधाऱ्यांचा सल्ला धुडकावणारे. १८९८ साली राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला, त्यातील पत्रांत दिसणारा सेनापती पैसा व रसद यांच्या विवंचनेत गढलेला आहे, गोविंदपंत बुंदेल्यांस पुनःपुन्हा तगादे लावीत आहे. बखरकाराने मसलतीतील संवाद रंगविले; ते टिपून घेणारा तेथे कोण बसला होता? पत्रे त्या त्या दिवशीची आहेत. पण पत्रेही निष्पाप नसतात: पैसा मागणारा आपली अडचणच लिहितो, आपली चूक लिहीत नाही. तेव्हा रसदेच्या टंचाईबद्दल पत्रांवर विसंबावे. सुरजमल छावणी सोडून का गेला, हे केवळ भाऊंच्या बाजूच्या कागदांवरून ठरवू नये.

येथेच मराठी अभिमानाची कसोटी आहे. २०१९ साली पानिपतवरील हिंदी चित्रपटातील सुरजमलच्या चित्रणाविरुद्ध राजस्थानात निदर्शने झाली. ती केवळ भावना दुखावल्याची ओरड म्हणून झटकून टाकणे सोपे होते. परंतु रणातून वाचलेल्या, उपाशी व उघड्या मराठ्यांना याच सुरजमलने भरतपूरच्या मुलखात आश्रय दिला. भाऊंना बखरीच्या आरोपांतून सोडवावयाचे, आणि तोच आरोप तसल्याच पुराव्यावर सुरजमलच्या माथी मारावयाचा, हा न्याय नव्हे.

भाऊंचा मृत्यू मान्य केल्याने त्यांचे शौर्य उणे होत नाही. ते रणात पडले. त्यांना परंपरेत जिवंत ठेवणाऱ्यांनी, आणि बखरीच्या आधारे दोषी ठरविणाऱ्यांनीही, आता साक्षीदारांना एवढेच विचारावे: तू तेथे होतास काय, केव्हा लिहिलेस आणि कोणासाठी?