परवान्याचें दाम आणि पाटल्या

गेल्या दिवाळींत चिखलीस एका स्नेह्यांकडे उतरण्याचा योग आला. त्यांचे चिरंजीव तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून यंत्रशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडले आहेत, व सोयाबीनच्या मळणीयंत्रांचे आराखडे तपासून देण्याचा धंदा घरींच आरंभूं पाहतात. दांडा किती भार सोसून मोडेल हें दांडा न मोडतां संगणकावर पाहावयाचें, असें हें काम. त्यासाठीं अॅन्सिससारख्या सॉफ्टवेअरचा परवाना घेण्याकरितां मातोश्रींच्या पाटल्या बँकेंत ठेवाव्यात कीं काय, हा प्रश्न फराळाच्या वेळींच निघाला.

पहिली अडचण ही कीं, या मालाची किंमत बहुधा कोठें छापलेली नसते. ती विक्रेत्यास विचारावी लागते, व गिऱ्हाईक पाहून ठरते. आपल्या पेठेंतील कापडवाल्यास आपण याचसाठीं नांवें ठेवतों! शिवाय ‘विकत घेणें’ या शब्दाचा अर्थच येथें निराळा. पूर्वीं कायमचा परवाना सर्रास मिळे, पण देखभालीसाठीं दरसाल मूळ किंमतीच्या पंचमांशाच्या आसपास रक्कम भरावी लागे. आतां वार्षिक भाड्याची पद्धत बळावली आहे. दांड्याच्या गणिताचा परवाना असला म्हणजे पाण्याच्या प्रवाहाचेंहि गणित करतां येतें असें नाहीं. त्याचे पैसे वेगळे. गणित लवकर सुटावें म्हणून संगणकाचे अधिक कोर जुंपावे, तर त्याचेंहि दाम. अॅन्सिसची अशी एक पुडी घेतल्यास ८, दोन घेतल्यास ३२ व तीन घेतल्यास १२८ कोर जादा मिळतात. मोठ्या कारखान्यास हें स्वस्त पडतें. एकट्या माणसास त्याचा काय उपयोग?

विद्यार्थ्यांची मोफत आवृत्ति चिरंजीवांजवळ होतीच. परंतु तींत गणिताच्या आकारास मर्यादा आहे, व पैसे घेऊन करावयाच्या कामास ती वापरण्याची मनाई आहे. एका मित्रानें चोरीची प्रत देऊं केली होती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांतील कलम ६३-ब प्रमाणें धंद्यासाठीं अशी प्रत जाणूनबुजून वापरणारास ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद व ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. हें ऐकतांच स्नेह्यांचा चेहरा उतरला. चिरंजीवांस तें आधींच ठाऊक असावें, असें आम्हांस वाटलें.

तोंवर मुकाट्यानें वाढीत असलेल्या मातोश्रींनीं विचारिलें, “भावजी, वर्ष संपल्यावर ती वस्तु आपल्या घरांत राहते का?”

भाड्याची असल्यास राहत नाहीं, असें आम्हीं सांगितलें.

“मग वर्षांत कामें किती येणार तें आधीं सांग रे,” त्या मुलाकडे वळून म्हणाल्या. हातीं काम एकच होतें.

भारी किंमतीस निव्वळ लोभ म्हणणें अन्यायाचें होईल. या आज्ञावलींमागें कित्येक गणितज्ञांचीं वर्षें खर्ची पडलेलीं असतात. पण मक्तेदारीची भीति खोटी नव्हे. नॅस्ट्रॅन अमेरिकेच्या नासा संस्थेनें सरकारी पैशानें तयार करविलें; पुढें एमएससी कंपनीनें १९९९ मध्यें दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या विकत घेतल्या. तेथील व्यापार आयोगानें २००१ मध्यें फिर्याद केली, व २००२ मध्यें कंपनीस आपल्या आज्ञावलीचा परवाना इतरांस देणें भाग पडलें.

मोफत मार्गहि आहे. जर्मनींतील दोन अभियंत्यांनीं रचलेलें कॅल्क्युलिक्स दांड्याच्या गणितास पुरतें. प्रवाहाच्या गणितासाठीं ओपनफोम २००४ पासून सर्वांस खुलें असून मुंबईच्या आय. आय. टी.चा फॉसी प्रकल्प त्याचें शिक्षण देतो. मेहनत मात्र अधिक पडते, व अडल्यास विचारावयास विक्रेता नसतो.

तूर्त पहिलें काम कॅल्क्युलिक्सवर करून, उत्तर कागदावरील गणिताशीं ताडून पाहावें असें ठरलें. हा अहवाल चालेल का, असें छत्रपती संभाजीनगरच्या गिऱ्हाईकास विचारलें आहे. हें लिहीपर्यंत त्यांचें उत्तर आलेलें नाहीं. पाटल्या कपाटांतच आहेत.