नागीण : उतारा नको, दवाखाना गाठा

घरात कुणाला नागीण उठली की शेजारपाजारचे आधी एकच विचारतात, “तोंड नि शेपटी जुळली का?” कमरेभोवती वेढा पुरा झाला की माणूस दगावतो, असा आपल्याकडे पक्का समज आहे. तो खोटा आहे. ही नागीण सापाची नव्हे आणि कुणाच्या शापाचीही नव्हे.

लहानपणी तुम्हाला कांजिण्या आल्या असतील. त्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. पाठीच्या कण्यालगत, मज्जातंतूंच्या मुळाशी तो वर्षानुवर्षे दबा धरून बसतो. वय झाले, मधुमेह जडला, स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असल्या किंवा अंगातली ताकद कमी झाली की तो जागा होतो आणि त्या तंतूच्या वाटेने कातडीवर येतो. तंतू शरीराच्या मध्यरेषेपर्यंतच जातो, म्हणून पुरळ एकाच बाजूला पट्ट्यासारखे उठते. वेढा पुरा होण्याचे भय कशाला?

खरे भय उशिराचे आहे. पुरळ येण्याआधी दोन-तीन दिवस त्या जागी आग होते, ठणकते. कांदाकाढणी चालू असली तर आपण म्हणतो, पाठ भरली. मग पाण्याचे फोड येतात. इथून ७२ तासांच्या आत अॅसिक्लोव्हिर सुरू झाले तर फायदा सर्वांत जास्त. साधारणतः ८०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून पाच वेळा, सात दिवस देतात. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्रा कमी करावी लागते, म्हणून ती डॉक्टरांनीच ठरवावी. उतारा काढण्यात, गेरू लावण्यात हेच तीन दिवस जातात. फोड दोन-चार आठवड्यांत आपोआप सुकतात आणि श्रेय मांत्रिकाला मिळते! मागे राहते ती ठणक. म्हाताऱ्या माणसांना ती कित्येक महिने सदऱ्याचा स्पर्शही सोसू देत नाही. तिच्यावरही औषधे आहेत. ‘सोसा’ म्हणून त्यांना गप्प बसवू नका.

फोड कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर आले तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. दृष्टी जाऊ शकते.

फोड फोडू नयेत. गेरू, चुना नको, बिब्बा तर मुळीच नको. जागा स्वच्छ ठेवून सुती कापडाने झाका. फोडातल्या पाण्याने दुसऱ्याला नागीण होत नाही. पण ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत त्याला कांजिण्या होऊ शकतात. म्हणून खपल्या धरेपर्यंत तान्हे बाळ आणि गरोदर सून यांना जपा.

आपल्या जिल्ह्यात जामखेडला १९७० च्या दशकात डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्याच बायकांना, त्यातल्या कित्येक निरक्षर, आरोग्याचे शिक्षण दिले. गावकीतल्या बाईचे बोलणे घरात ऐकले जाते. आजही सासूबाई दवाखान्याला नाही म्हणत असतील, तर आशाताईंना घरी बोलवा.

नागिणीवर लसही आहे. ५० वर्षांपुढच्यांसाठी ती भारतात २०२३ पासून मिळते. दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. सरकारी मोफत लसीकरणात ती नाही आणि किंमत शेतकऱ्याच्या खिशाला जडच आहे. तरी घरात मधुमेही वडीलधारे असतील तर डॉक्टरांना एकदा विचारा. नागीण उठल्यावर मात्र ही लस औषध म्हणून चालत नाही.