तेलाच्या बाटलीआधी रक्त तपासा

दिवाळीच्या सुमारास आमच्या चाळीतील एका ताईंनी कंगव्यात आलेला केसांचा पुंजका कागदात गुंडाळून आम्हांला दाखवला. वय तिशीच्या आतले. दोन वर्षांत तीन प्रकारची तेले झाली, कुणी सांगितले म्हणून कांद्याचा रसही झाला. आम्ही पडलो कारकून. सवयीने बेरीज मांडली. तेलांचेच तीन हजारांवर गेले होते. रक्त तपासले का, असे विचारले तर ताई म्हणाल्या, "केसांचा नि रक्ताचा काय संबंध?"

संबंध आहे. अंगात लोह कमी असेल, थायरॉईडचा विकार असेल, तर केस गळतात. बाळंतपण, टायफॉईड किंवा डेंग्यू होऊन गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी ते मूठमूठ जातात आणि बहुतेकांचे काही महिन्यांत आपोआप भरून येतात. श्रेय मात्र तेव्हा वापरात असलेल्या तेलाला मिळते! रोज ताणून वेणी घालणाऱ्या मुलींचे कपाळाकडचे केस विरळ होतात. तिथे आधी वेणी सैल करावी.

पुरुषांचे वंशपरंपरेने पडणारे टक्कल वेगळे. लग्न जमत नाही म्हणून त्यापायी उसने पैसे काढणारे तरुण आम्ही पाहिले आहेत, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. मिनॉक्सिडिल हे मूळचे रक्तदाबाचे औषध. डोक्याला लावण्यासाठी अमेरिकेत त्याला १९८८ साली मान्यता मिळाली. सुरुवातीचे काही आठवडे केस उलट जास्त गळू शकतात, गुण दिसायला चार-सहा महिने लागतात, आणि लावणे थांबवले की आलेले केस पुन्हा जातात. तेव्हा हा खर्च घरभाड्यासारखा दरमहाचा धरावा. फिनास्टेराईडची गोळी पुरुषांसाठी आहे. तिने काहींना लैंगिक तक्रारी होतात, आणि गरोदर स्त्रीने तर फुटलेली गोळी हातातही घेऊ नये. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती घेऊच नका. केशरोपण ही शस्त्रक्रिया आहे. त्यात मागचेच केस काढून पुढे लावतात. ती पार्लरमध्ये करून घेणे म्हणजे जिवाशी खेळ.

राहिल्या जाहिराती. कोणत्याही औषधाने टक्कल बरे करण्याचा दावा करू नये, असे १९४५ च्या औषध नियमांच्या परिशिष्ट 'जे'मध्ये आहे. तरी बाटल्या खपतातच.

ताई शेवटी सरकारी दवाखान्यात गेल्या. हिमोग्लोबिन आठ निघाले, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. परवा जिन्यात भेटल्या. केसांचे अजून काही सांगता येत नाही म्हणाल्या, पण पाण्याचा हंडा घेऊन तिसरा मजला चढताना आता दम लागत नाही.