पाळण्यातला मेंदू आणि आपले जावईशोध

मुलगा यंत्रांत रमतो, मुलगी माणसांत, आणि हे जन्मतःच ठरलेले असते असे म्हणणाऱ्यांचा लाडका पुरावा केंब्रिजचा आहे. 2000 साली जेनिफर कॉनेलन, सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी 102 नवजात बाळांना एक चेहरा आणि एक लटकते खेळणे दाखवले. मुलगे सरासरीने खेळण्याकडे जास्त वेळ बघत राहिले. झाले! इंजिनिअरिंगला मुली कमी का, याचेही उत्तर म्हणे त्यात मिळाले.

प्रयोग मात्र नीट वाचावा. दाखवलेला चेहरा खुद्द कॉनेलन यांचाच होता. बाळंतिणीच्या खोलीतली शुभेच्छापत्रे, दुपटी पाहून बाळ मुलगा की मुलगी हे ओळखणे अवघड नव्हते. मग कोणासमोर चेहरा किती खुलला, याचे माप कोण घेणार? शिवाय मुलींपैकी जवळजवळ निम्म्यांनी कशालाच झुकते माप दिले नव्हते. हा आकडा सांगताना नेमका गळतो.

मग फरक नाहीच? तेही खोटे, आणि समतेच्या कैवाऱ्यांनी त्याला भिऊ नये. 2024 मध्ये केंब्रिजच्याच संशोधकांनी 514 नवजातांच्या मेंदूंचे एमआरआय तपासले. जन्मवजन जमेस धरूनही मुलग्यांचा मेंदू सरासरीने मोठा भरला. एकूण आकारमान जमेस धरल्यावर मुलींत करडा भाग जास्त, मुलग्यांत पांढरा. गर्भातल्या टेस्टोस्टेरॉनचा यात हात असू शकेल. माझी हरकत आहे ती पुढच्या उडीला. ही सगळी सरासरी. बहुतेक मुलगे-मुली एकाच टप्प्यात येतात. एखाद्या बाळाच्या स्कॅनवरून त्याचा कल सांगणे म्हणजे नव्या यंत्रावर काढलेली जुनीच कुंडली.

आणि बघणाऱ्यांचे डोळे? 1976 साली जॉन आणि सँड्रा कॉन्ड्री यांनी दचकून रडणाऱ्या एकाच बाळाचे चित्रण लोकांना दाखवले. हा मुलगा आहे असे सांगितलेल्यांना त्यात राग जास्त दिसला. मुलगी आहे असे सांगितलेल्यांना भीती. अशा नजरांखाली वर्षानुवर्षे वाढलेला मेंदू निव्वळ निसर्गाचा कसा म्हणायचा?

जन्मवेळच्या फरकाचे खरे मोल नवजात अतिदक्षता विभागात आहे. अपुऱ्या दिवसांच्या मुलग्यांची फुफ्फुसे तितक्याच आठवड्यांच्या मुलींपेक्षा उशिरा तयार होतात. श्वास अडण्याचा, मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका त्यांना जास्त. वंशाचा दिवा म्हणून ज्याचे पेढे वाटतात, तोच तिथे अधिक नाजूक असतो, आणि तिथल्या परिचारिकेने हा फरक जरूर ध्यानात ठेवावा.